रेघ कोणी आखायची? : हातकामाला वाट दाखवणाऱ्या साधनांचा इतिहास



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला सुतारकाम शिकवीत. शाळेच्या मागील अंगाच्या पत्र्याच्या खोलीत आठवड्यातून दोन तास आमचा वर्ग भरे. पहिल्या सहामाहीत फळी आमच्या हाती येण्यापूर्वी सर तिच्यावर गुण्या ठेवून स्वतः पेन्सिलने रेघ आखून देत आणि आम्ही त्या रेघेवरून करवत चालवीत असू. दिवाळीच्या सुटीनंतर मात्र ते पेन्सिल आणि गुण्या आमच्यापुढे ठेवीत आणि म्हणत, "आता रेघ तुमची." आमची पहिली रेघ हमखास वाकडी येई. सर ती पुसू देत नसत. तिच्यावरूनच कापायला लावीत. तिरका सांधा हातात आला म्हणजे रेघ कुठे चुकली हे आपोआप कळत असे.

मी पुढे अभियांत्रिकीकडे वळलो आणि सारी हयात कारखान्यात गेली. आजच्या व्याख्यानासाठी जो विषय मी निवडला आहे, तो वरवर पाहता सरांच्या त्या खोलीपासून फार दूरचा वाटेल. कामगाराच्या डोळ्यांवर एक चष्मा चढवायचा. त्या चष्म्यातून त्याला समोरची खरी वस्तू तर दिसतेच, पण तिच्यावर संगणकाने काढलेली रेघ, बाण किंवा आकडाही दिसतो. 'ही तार येथून न्या', 'हा बोल्ट येथे बसवा' असे जणू ती वस्तूच त्याला सांगते. इंग्रजीत या विद्येला 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात. मराठीत आपण तिला 'संवर्धित वास्तव' म्हणू. परंतु या यंत्राचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा मला पुन्हा पुन्हा सरांची पेन्सिलच आठवत राहिली. कारण प्रश्न तोच आहे. रेघ कोणी आखायची, आणि किती दिवस?

दोन परंपरा

कारागिराच्या हातातील ज्ञान कागदावर उतरवण्याचा पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्या प्रयत्नाचा अध्वर्यू फ्रेडरिक टेलर. 'शास्त्रीय व्यवस्थापना'ची तत्त्वे सांगणारा त्याचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. कामगारांच्या पिढ्यांनी अनुभवातून साठवलेले ज्ञान व्यवस्थापकांनी गोळा करावे, त्याचे नियम बांधावेत, आणि प्रत्येक कामगाराला त्याने काय, कसे व किती वेळात करायचे हे सांगणारे सूचनापत्र रोज लिहून द्यावे, अशी ही योजना होती. त्याच काळात फ्रँक गिलब्रेथ याने वीटकामाचा अभ्यास केला. एक वीट रचताना गवंडी ज्या अठरा हालचाली करी, त्या गिलब्रेथने पाचांवर आणल्या. विटांची मांडणी आणि पाडाची उंची बदलली. आणि ताशी १२० विटांच्या जागी ३५० विटा रचल्या जाऊ लागल्या. वीट उचलण्यासाठी गवंड्याला आता प्रत्येक वेळी कंबरेतून वाकावे लागत नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. फ्रँक आणि त्याची पत्नी लिलियन यांच्या या कामात माणसाच्या श्रमाविषयी कळकळ होती.

१९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकता पट्टा सुरू झाला. मोटारीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत; पुढील वर्षीच्या वसंतापर्यंत ते काम ९३ मिनिटांवर आले. या यशाची किंमतही उघड होती. पूर्वीच्या फिटरला अवघा सांगाडा ठाऊक असे. पट्ट्यावरील माणसाला एक नट ठाऊक असला तरी पुरे झाले. टेलरचे सूचनापत्र आणि फोर्डचा पट्टा यांनी विचार कचेरीत ठेवला आणि हात कारखान्यात. ही पहिली परंपरा.

दुसरी परंपरा चक्क शाळेतून निघाली आहे, आणि शिक्षकवर्गाला ती ऐकून आनंद वाटेल. योहान फ्रीडरिश हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या. आपल्याकडे अध्यापन महाविद्यालयांतून पिढ्यान्पिढ्या शिकवली गेलेली हर्बार्टची पंचपदी ती हीच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला जहाजे तातडीने बांधायची होती आणि गोद्यांमध्ये हजारो नवखे कामगार भरती झाले होते. त्यांना शिकवण्याची जबाबदारी चार्ल्स ॲलन या औद्योगिक शिक्षकावर आली. त्याने हर्बार्टच्या परंपरेतून आलेला पाठ चार पायऱ्यांत बसवला: शिकणाऱ्याच्या मनाची तयारी, कामाचे प्रतिपादन, त्याच्याकडून करवून घेणे आणि शेवटी पारख. १९१९ साली त्याने ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली.

दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या नावाने अमेरिकेतील कारखान्यांत पसरली. १९४० ते १९४५ या पाच वर्षांत सोळा लाखांहून अधिक लोकांनी तिचे प्रशिक्षण पूर्ण केले. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली, तेथे रुजली आणि टोयोटासारख्या कारखान्यांच्या प्रशिक्षणाचा पाया ठरली. तिच्यातील चौथी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिकणाऱ्याला स्वतंत्रपणे कामाला लावायचे, अडल्यास कोणाकडे जायचे ते सांगायचे, सुरुवातीला वरचेवर त्याच्याकडे पाहायचे आणि मग हळूहळू पाहणे कमी करायचे. शिकवणाऱ्याने मागे सरणे हाही शिकवण्याचाच भाग आहे, हे येथे नियम म्हणून लिहिले गेले.

एका परंपरेत कामगाराला माहीत असण्याची गरज उरू नये म्हणून रेघ आखली जाते. दुसरीत, पुढे त्यालाच आखता यावी म्हणून. संवर्धित वास्तवाचा चष्मा या दोन्ही परंपरांचा वारस आहे, ही गोष्ट ध्यानी घेऊन आपण पुढे जाऊ.

छताला टांगलेला चष्मा

या चष्म्याचा पहिला अवतार हार्वर्ड विद्यापीठात घडला. आयव्हन सदरलँड या तरुण प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बनवलेल्या डोक्यावरील दर्शकाचे वर्णन १९६८ साली एका संगणक परिषदेत वाचले. प्रत्येक डोळ्यासमोर एक छोटी चित्रनळी आणि तिचे चित्र परावर्तित करणारा अर्धपारदर्शक आरसा, अशी त्याची रचना होती. त्यामुळे समोरची खोली दिसे आणि तिच्यात तरंगणारा, नुसत्या रेघांचा एक घनही दिसे. पाहणाऱ्याने मान वळवली की घनाची दुसरी बाजू दिसावी, यासाठी डोके नेमके कोठे आहे हे संगणकाला कळणे आवश्यक होते. ते मोजण्यासाठी छतापासून डोक्यापर्यंत एक यांत्रिक दांडा लोंबत असे. तो डोक्यावर लटकताना पाहून त्याला ग्रीक कथेतील डॅमोक्लिसच्या तलवारीचे नाव पडले.

या यंत्राचा कारखान्याशी काही संबंध नव्हता. परंतु पुढील सर्व अडचणींचे मूळ त्या दांड्यात दिसते. चित्र काढणे सोपे. ते वस्तूवर स्थिर ठेवणे अवघड. हिशेब साधा आहे. डोक्याचा कोन मोजण्यात एका अंशाची चूक झाली, तर हातभर अंतरावर, म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटरवर, रेघ एक सेंटिमीटरने सरकते. भिंतीवरील चित्राला एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. पण शेजारी शेजारी असलेल्या दोन भोकांपैकी कोणत्यात पिन बसवायची, हा प्रश्न असेल तेव्हा एक सेंटिमीटर म्हणजे सर्वकाही.

विमानाच्या तारा

आता आपण १९९० साली अमेरिकेतील बोइंग कंपनीत जाऊ. ७४७-४०० या विमानात सुमारे २७४ किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा असतात. बडोद्याहून दक्षिणेकडे निघून पालघरच्या जवळपास पोहोचावे, एवढी ही लांबी. या तारा विमानात एकेक करून ओढत नाहीत. आधी कारखान्यात त्यांच्या जुड्या बांधतात आणि तयार जुडी विमानात बसवतात. जुडी बांधण्यासाठी एक लांबच लांब फळी असते. तिला 'फॉर्मबोर्ड' म्हणतात. फळीवर तारांच्या मार्गांचा पूर्ण आकाराचा नकाशा चिकटवलेला असतो आणि वळणांवर खुंट्या ठोकलेल्या असतात. कामगार यादीतील क्रमांक वाचतो, त्या क्रमांकाची तार उचलतो, नकाशावर तिचा मार्ग शोधतो आणि खुंट्यांमधून ती नेतो. सगळ्या तारा अंथरून झाल्या की जुडी बांधतो.

विमाने मोटारींसारखी हजारोंच्या संख्येने सारखी निघत नाहीत. प्रत्येक विमानकंपनीची मागणी निराळी, म्हणून प्रत्येकाच्या तारा निराळ्या, म्हणून फळ्या निराळ्या. त्या करायच्या, दुरुस्त करायच्या आणि कोठारात रचून ठेवायच्या. दुसरीकडे त्याच वेळी ७७७ हे नवे विमान आकार घेत होते आणि त्याचा संपूर्ण आराखडा संगणकावर तयार होत होता. एवंच आराखडा संगणकात होता आणि कामगारापर्यंत तो पोहोचत होता कागद चिकटवलेल्या फळीच्या मार्गाने. हे काम यंत्रमानवालाही देता येत नव्हते, कारण तार लवचीक असते. ती कशी वळेल, कोठे अडकेल हे बोटांनाच कळते.

या कोंडीवर टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या बोइंगच्या दोन संशोधकांनी उपाय सुचवला. सर्व जुड्यांसाठी एकच कोरी फळी ठेवावी आणि कामगाराला पारदर्शक दर्शक द्यावा. तो फळीकडे पाहील तेव्हा त्या क्षणी हव्या असलेल्या एकाच तारेचा मार्ग त्याला फळीवर आखलेला दिसेल. ती तार झाली की पुढची रेघ. लढाऊ वैमानिकाला समोरच्या काचेवर आकडे दाखवणारी युक्ती आधीपासून होती. तीच येथे कारखान्यात आणायची होती. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हा शब्दप्रयोग कॉडेलने याच कामाच्या ओघात १९९० मध्ये घडवला. जानेवारी १९९२ मध्ये हवाई येथील परिषदेत दोघांनी आपला निबंध सादर केला. आज खेळ, जाहिराती आणि मोबाइल फोन यांच्या संदर्भात ऐकू येणारा हा शब्द एका कारखान्यातील तारा अंथरण्याच्या फळीसमोर जन्मला, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

पुढील इतिहास मात्र कल्पनेइतका सरळ नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बोइंगने हा प्रयोग कारखान्यात प्रत्यक्ष करून पाहिला. संगणक कामगाराच्या अंगावर बांधलेला होता, आणि फळीवरील खुणा कॅमेऱ्याने टिपून डोके कोठे आहे ते ठरवले जाई. जुड्या बरोबर तयार झाल्या. पण कागदी नकाशाच्या पद्धतीपेक्षा वेळ मात्र डोळ्यांत भरावा इतका वाचला नाही. दर्शकाचे ओझे, पुढच्या तारेकडे जाण्यासाठी संगणकाला द्यावी लागणारी आज्ञा, चित्राची स्थिरता, असे अनेक बारीक काटे वाटेत निघाले. कल्पना खरी असूनही ती कामाच्या वेळापत्रकात बसायला एक पिढी जावी लागते, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील नेहमीचाच अनुभव आहे.

चुका कमी झाल्या, पण…

बोइंगबाहेरही हा विचार वाढत होता. १९९३ साली कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लेझर प्रिंटरची देखभाल शिकवणारा दर्शक सादर केला. झाकण कसे उघडावे, कागदाचा ट्रे कसा काढावा हे त्यात रेघांनी दिसे. १९९९ ते २००३ या काळात जर्मनीत 'आर्व्हिका' हा मोठा प्रकल्प चालला. उद्योग आणि संशोधनसंस्था त्यात एकत्र आल्या होत्या. त्याच सुमारास हिरोकाझू काटो या जपानी संशोधकाने कागदावर छापलेल्या काळ्या चौकोनी खुणेवर चित्र स्थिर करण्याची प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि हे काम छोट्या प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आले.

२००३ साली अमेरिकेत आर्थर टँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. खेळातल्या ठोकळ्यांची जोडणी करण्यास काहींना छापील पुस्तिका दिली, काहींना पडद्यावर सूचना दिल्या, काहींना डोक्यावरील दर्शकात नुसत्या सूचना दाखवल्या, तर काहींना त्या प्रत्यक्ष वस्तूवर नेमक्या जागी बसवून दाखवल्या. नेमक्या जागी दाखवलेल्या सूचनांनी चुकांचे प्रमाण ८२ टक्क्यांनी घटले. विशेषतः एका चुकीतून दुसरी उद्भवते, तशा साखळीच्या चुका फार कमी झाल्या. मात्र संशोधकांनी एक इशाराही दिला. चित्राने दाखवलेल्या जागी नजर इतकी खिळते की आजूबाजूचे दिसेनासे होण्याचा धोका असतो.

नंतरच्या वर्षांत साधने हलकी झाली. २०१३ मध्ये गूगलचा चष्मा आला. तो बाजारात रुळला नाही, पण कारखान्यांत त्याला दुसरा जन्म मिळाला. बोइंगने तारांच्या जुड्यांसाठी तो वापरून पाहिला आणि सुमारे एक चतुर्थांश वेळ वाचल्याचे सांगितले. पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेले स्वप्न त्याच कामावर अशा रीतीने बऱ्याच अंशी खरे झाले. एअरबसने ए-३८० विमानातील हजारो आधारपट्ट्या तपासण्यासाठी हातात धरण्याच्या पडद्यावर आराखडा आणि वास्तव एकत्र दाखवणारी प्रणाली आणली आणि तीन आठवड्यांची तपासणी तीन दिवसांवर आली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'होलोलेन्स' आला. काही ठिकाणी चष्मा टाळून लेझरच्या प्रकाशानेच कामाच्या वस्तूवर रेघ पाडतात, आणि मला स्वतःला ही सर्वांत सोपी व निकोप पद्धत वाटते. ती रेघ शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यालाही दिसते.

पण याच इतिहासाचे पुढचे पान वाचा. गूगलने कारखान्यांसाठीच्या चष्म्याची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्सचे उत्पादन बंद केले. दहा-अकरा वर्षांत एक अख्खी पिढी आली आणि गेली. ज्या कारखान्याने आपले सारे कसब अशा चष्म्यात भरले आणि माणसांच्या हातात काही शिल्लक ठेवले नाही, त्याने उद्या काय करावे? लाकडी फळी कोठारात जागा अडवत होती हे खरे, पण तिचा निर्माता दुकान बंद करून निघून जात नव्हता.

दार उघड-मीट करून पाहावे

येथे एक स्वतःचा अनुभव सांगण्याची परवानगी घेतो. उमेदवारीच्या काळात मी विजेची नियंत्रण-पॅनेले बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. तेथे एक ज्येष्ठ वायरमन होते. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. एके दिवशी माझ्या लक्षात आले की पॅनेलच्या दाराकडे जाणारी एक जुडी काका ड्रॉइंगमध्ये दाखवल्याप्रमाणे न नेता बिजागरीच्या खालून, थोडी सैल ठेवून नेत आहेत. मी नुकताच पदवी घेऊन आलेलो. मी म्हणालो, "काका, ड्रॉइंगमध्ये ही वायर वरून आहे." ते हसले आणि म्हणाले, "बाळ, आधी दार उघड-मीट करून बघ. मग ड्रॉइंग बघ."

मी दार उघडून पाहिले. ड्रॉइंगप्रमाणे तार नेली असती तर प्रत्येक वेळी ती पत्र्याच्या कडेवर घासली असती आणि दोन-तीन वर्षांत तिचे आवरण फाटले असते. आराखडा काढणाऱ्याने बंद दाराचे चित्र काढले होते. काकांनी ते पॅनेल शेकडो वेळा उघडले होते. मी ही गोष्ट वर कळवली. ड्रॉइंग दुरुस्त झाले नाही. काका निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलाने ड्रॉइंगप्रमाणे काम केले. पुढे काही पॅनेले दुरुस्तीसाठी परत आली, तेव्हा नेमक्या त्याच जागी तारा उघड्या पडलेल्या होत्या.

त्या मुलाच्या डोळ्यांवर चष्मा असता तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. चष्म्याने त्याला तीच चुकीची रेघ अधिक सुबकपणे, अधिक अधिकाराने, थेट पत्र्यावर आखून दाखवली असती. कागदावरील रेघेविषयी निदान शंका येते. वस्तूवरच उमटलेल्या रेघेविषयी शंका घेणे फार कठीण. म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की ज्या प्रणालीत रेघ फक्त वरून खाली येते आणि कामगाराचे 'दार उघडून पाहा' हे शब्द खालून वर जाण्याची सोय नसते, ती प्रणाली कितीही आधुनिक असली तरी ते टेलरचे सूचनापत्रच आहे. त्यात आता कॅमेराही आला आहे. टेलरचे घड्याळ कामगाराचे मिनिट मोजत असे; चष्म्याचा कॅमेरा त्याची नजर कोठे गेली तेही टिपू शकतो. ती नोंद कशासाठी वापरायची, हे कामगाराला विचारून ठरले पाहिजे.

दुसरे म्हणणे शिक्षकांचे आहे. चष्मा नवख्याला पहिल्या दिवशी फार मोठा आधार देतो, हे मी मनापासून मान्य करतो. चुकीच्या भीतीने हात थरथरणाऱ्या मुलाला शांतपणे पुढची पायरी दाखवणारा, न रागावणारा आणि न कंटाळणारा असा सोबती मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ॲलनची चौथी पायरी त्यात असली पाहिजे. दहाव्या जुडीला रेघ फिकट व्हावी, पन्नासाव्या जुडीला ती फक्त चूक झाल्यावर दिसावी, आणि शंभराव्या जुडीला कामगाराने स्वतः म्हणावे, की येथे मार्ग बदलला पाहिजे. चष्म्याला हे करता येते. संगणकाला मोजमाप येते. तसे करायचे की नाही, हे मात्र मालक आणि शिक्षक ठरवतात.

आपल्या शहराचा वारसा

हा प्रश्न आपल्या बडोद्याला नवा नाही. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली येथे कलाभवन उघडले. धंदेशिक्षण देशी भाषेतून दिले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांमागील शास्त्र कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत कळावे, ही त्यामागची तळमळ. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रशास्त्र विभागात चालू राहिली.

टेलरचे पुस्तक निघण्याच्या एकवीस वर्षे आधी या शहरात हा विचार झाला होता, की कारागिराला नुसती कृती देऊ नये, तिचे कारणही द्यावे. आज चष्म्यात बाणाशेजारी मराठी किंवा गुजराती वाक्य दाखवणे ही अगदी सोपी गोष्ट आहे. पण ते वाक्य 'येथे बसवा' एवढेच असेल, की 'दार उघडताना घासू नये म्हणून येथे बसवा' असे असेल? गज्जरांनी दुसरे वाक्य पसंत केले असते, याविषयी मला शंका नाही.

आणि आता ही चर्चा पुस्तकी राहिलेली नाही. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी याच बडोद्यात टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या अंतिम जोडणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. २०२१ साली झालेल्या करारातील ५६ विमानांपैकी ४० येथे घडवण्याची योजना आहे. विमान म्हटले की तारा आल्या, तारांच्या जुड्या आल्या, आणि त्या हाताने अंथरणारी माणसे आली. त्यांत उद्या या शाळेची मुलेमुली असतील. त्यांना फळीवरून शिकवले जाईल, पडद्यावरून की चष्म्यातून, हे काळ ठरवील. आपल्या हाती एवढेच आहे, की ती मुले त्या रेघेसमोर उभी राहतील तेव्हा त्यांच्या हातांना आधीपासून काही ठाऊक असावे.

म्हणून संस्थेच्या विश्वस्तांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक विनंती ठेवून थांबतो. मागील अंगाची ती पत्र्याची खोली गेली कित्येक वर्षे जुन्या बाकांनी भरलेली आहे. ती मोकळी करावी. तेथे पुन्हा गुण्या, करवत, रंधा यावेत. सोबत तारा, सोल्डरिंगची इस्त्री आणि शक्य झाल्यास एखादा संगणकही यावा. खर्चाचा काही भाग मी उचलीन. इतरांनीही हातभार लावावा. पहिल्या सहामाहीत रेघ कोणीही आखून देवो, शिक्षक आखो की यंत्र आखो. दिवाळीनंतर मात्र पेन्सिल मुलांच्या हाती आली पाहिजे. सरांचे स्मरण करण्याचा याहून अधिक उचित मार्ग मला सुचत नाही.